बोटीचा गोंद

बुधवारी तीन वाजता आम्ही दोघांनी सेलो ठोकून बघितला. रोजचंच काम होतं ते. रिबका माझी बायको. ती तिच्या खुर्चीवर बसायची, सेलो मांडीवर आडवा घ्यायची आणि उजव्या हाताचं बोट मुडपून कडेकडेनं टक टक करत जायची. आपल्याकडे बाया मडकं घेताना वाजवून घेतात ना, तसं. सेलो म्हणजे मोठं फिडल, बसल्या माणसाच्या छातीपर्यंत येतं, गुडघ्यांत धरून गजानं वाजवतात. पातळ तक्ते सरसानं चिकटवून केलेलं असतं. कुठं सांधा सुटला असला तर त्या जागेवर आवाज पोकळ येतो. ती ठोकायची, मी स्टुलावर बसून ऐकायचो. माझा डावा कान मुंबईच्या गोदीतच गेला, म्हणून तिला उजव्या अंगाला घेऊन बसायचो.

त्या दिवशी ती खालच्या कडेला आली आणि थांबली. परत ठोकलं.

"बुडाशी जरा पोकळ येतंय."

"काही येत नाही."

"अहो, येतंय."

"तुझे कान वाजतायत."

"माझे दोन्ही शाबूत आहेत. तुमचा एक आहे. उद्या सकाळी उजेडात बघा."

"बघतो."

"बघतो नाही. बघा."

सेलो तिनं कोपऱ्यात उभा केला, गजाला लावायच्या राळेची डबी बंद केली, चहाचं भांडं घासून स्टोव्हवर ठेवलं आणि जरा पाठ टेकते म्हणाली. मी घासलेट आणायला गेलो. रांग होती. परत आलो तेव्हा ती गेली होती. पाठ टेकलेलीच होती.

याला आता चार महिने झाले. आमच्यातला सॅमसन, पुढे येईल तो, तो म्हणाला, काका, काकूंचं कुठंतरी लिहून ठेवा, नाहीतर इथली पोरं म्हणतील, आपल्या या येरुहाम गावाला नुसते खडे होते. माझी शाळा चौथीपर्यंत. मी सुतार. जेवढं समोर बघितलं तेवढंच लिहितो.

ती ठाण्याची. वडील रेल्वेत कारकून होते. शेजारी गोव्याचे एक मास्तर राहायचे, रविवारी चर्चमध्ये आणि एरवी लग्नाच्या बँडात वाजवायचे. त्यांच्या खोलीत कोपऱ्यात सेलो होता. ही बारा वर्षांची असताना तिथं जाऊन बसायला लागली. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, मुलीच्या जातीनं पाय फाकून वाजवायचं हे कसलं वाद्य! रिबकानं त्यावर तोड काढली. नऊवारी नेसायला लागली. पुढे जन्मभर नऊवारी नेसूनच वाजवलं. म्हणायची, हे वाद्य ज्यानं केलं त्याला ठाऊक नव्हतं पण ते नऊवारीसाठीच केलंय, झग्यातल्या बायका उगाच अवघडतात.

मुके सिनेमे होते तेव्हा मुंबईत पडद्याखाली अंधारात सहासात जण बसून वाजवायचे. त्यात ती होती. एकटीच बाई, आणि एकटीच आपल्या यहुद्यांतली. मी त्या थेटरात खुर्च्या दुरुस्त करायला जायचो. एक दिवस ती माझ्यासमोर खुर्ची घेऊन आली. म्हणाली, "मिस्त्री, हिचे पुढचे पाय दोन सूत कमी करा." मी म्हटलं, बाई, खुर्ची पुढे कलेल. म्हणाली, "मला कलायचंच आहे." मी कापून दिले. आठवड्यानं परत आली, म्हणे अजून एक सूत. अशी तीनदा आली. चौथ्यांदा मी तिच्यासाठी नवीन खुर्चीच केली. ती खुर्ची बोटीतून इथपर्यंत आली, आत्ता मी तिच्यावरच बसलोय. पुढे कलते.

बोलते सिनेमे आले आणि पडद्याखालची माणसं घरी गेली. मग ती हॉटेलात वाजवायची, लोक कटलेट खात असताना. मग शिकवण्या. आम्हाला मूल झालं नाही. लोक म्हणायचे, सेलो हेच रिबकाबाईचं मूल. तसलं काही नव्हतं. सेलो सेलो होता.

इथं यायचं तिनं ठरवलं, मी नाही. यहुद्यांचा देश नवा झाला होता. तिनं ऐकलं होतं की तेल अविवला युरोपातून आलेले पुष्कळ वाजवणारे आहेत, त्यांचा मोठा ऑर्केस्ट्रा आहे, आणि घराघरांतून चौघंचौघं बसून वाजवतात. हे चौघांचं तिच्या डोक्यात पहिल्यापासून होतं. दोन फिडल, एक व्हायोला म्हणजे जरा मोठं फिडल, आणि सेलो. म्हणायची, मोठ्या बँडात माणूस लपतो, एकटा वाजवणारा मिरवतो, चौघांत दोन्ही करता येत नाही. गोव्याच्या मास्तरांनी तिला सांगितलेलं. मुंबईत तिला चौघं कधी जमले नाहीत. तिनं आपल्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, नवस केला होता: चौघं बसून अख्खी चीज, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माणसांसमोर वाजवली की मलिदा करीन. आपल्यात नवस फेडायला मलिदा करतात, भिजवलेले गोड पोहे, नारळ, फळं. एवढंच मागितलं होतं तिनं. घर नाही, मूल नाही.

आता गोंदाचं सांगतो. लढाईच्या दिवसांत मी गोदीत होतो, लाकडी होड्या जोडायच्या कामावर. तिथं विलायतेहून नवा गोंद यायचा. पाण्यात ठेवा, उन्हात ठेवा, सांधा सुटायचा नाही. लाकूड फाटेल पण सांधा हलणार नाही. मला त्याचं फार कौतुक. निघायच्या आधी मी सेलो बघितला तर खालची कड सुटायला आलेली. रिबका सामान बांधण्यात होती. मी मनात म्हटलं, दोन आठवड्यांचा समुद्र, हिचा सेलो आपण बोटीसारखा पक्का करू. सगळी खालची कड बोटीच्या गोंदानं जोडली. तिला सांगितलं, दुरुस्त केलाय. तिनं ठोकून बघितला. म्हणाली, छान आवाज येतोय. तेव्हा छानच येत होता.

आम्हाला ट्रकनं आणून सोडलं ते येरुहामला. चहूकडे पिवळी टेकाडं, टिनाच्या खोल्या आणि कोरडी हवा. ओठ फुटायचे, साबण फुटायचा. पहिल्या आठवड्यात कामं वाटायला कचेरीतला माणूस आला. सगळ्यांना कुदळ, झाडं लावायला खड्डे खणायचे. रिबकानं कुदळ घेतली नाही.

"ग'व्हेरेत," तो म्हणाला, म्हणजे बाईसाहेब, "इथं सगळे खणतात."

"मी रांधीन, झाडीन, संडास धुईन. खणणार नाही. बोटं आखडतात."

"बोटं काय करायची आहेत?"

तिनं सेलो काढला आणि तिथंच, खोलीच्या दारात, चार सूर वाजवले. तो माणूस म्हणाला, बरं बरं, संडास. तीन वर्षं तिनं बालवाडीचे संडास धुतले आणि पोरांचं जेवण शिजवलं. डाव्या हातानं कधी तवा उचलला नाही. गुरुवारी गुरुवारी डाव्या हाताची नखं कापायची, उजव्याची वाढली तरी चालायची.

कोरड्या हवेनं लाकूड आवळतं हे तिला कळत होतं. सेलोच्या पेटीत ती अर्धा चिरलेला बटाटा ठेवायची, ओलावा राहावा म्हणून. तेव्हा बटाटे रेशनवर. शेजारची बाई म्हणायची, आमच्या पोरांना खायला नाही आणि ही पेटीला चारते. रिबका म्हणायची, पेटी खात नाही, नुसती हुंगते. आणि तोच बटाटा तिसऱ्या दिवशी आमच्या रश्शात यायचा. राळेचा वास यायचा त्याला. मी खाल्लाय.

दुसऱ्या वर्षी तिच्या पत्राला तेल अविवच्या ऑर्केस्ट्राचं उत्तर आलं. येऊन वाजवून दाखवा. तिला तेव्हा पन्नाशी लागली होती. ती म्हणाली, ही एकच खेप, नंतर कोणी बोलावणार नाही. चार दिवस वाळवंटी वारा चालू होता, उघड्या तोंडानं बोलता येत नव्हतं. आम्ही पहाटेची बेर्शेब्याची बस धरली, तिथून तेल अविवची. सेलो आमच्या दोघांच्या मध्ये उभा. तिकीटवाला म्हणाला, तिसरं तिकीट काढा. ती म्हणाली, "तो बसलाय का? उभा आहे ना?"

तिथं एक मोठं दालन होतं. मला जिन्यावर बसवलं. तिनं पेटी उघडली ती माझ्यासमोरच. पोटाच्या तक्त्याला आवाजाच्या उजव्या भोकापासून बुडापर्यंत चीर गेलेली. आत बोटभर उजेड दिसत होता. बटाटा सुकून चिंच झाला होता.

ती तशीच आत गेली. मी बाहेरून ऐकलं. प्रत्येक सुराबरोबर पत्रा खडखडल्यासारखं काहीतरी वाजत होतं. दोन मिनिटं झाली आणि आतून पुरुषाचा आवाज आला, नम्र होता. ग'व्हेरेत, वाद्य दुरुस्त करून या. बाहेर आली तेव्हा कपाळाला घाम नव्हता की काही नव्हतं.

बेर्शेब्याला उतरलो. तिथं दुसऱ्या बसला तासभर होता. मी सूर्यफुलाच्या बियांची पुडी घेतली. तिनं चार बिया सोलल्या. मग म्हणाली, "खालच्या कडेला काय लावलंत?"

"गोंद."

"कसला?"

"बोटीचा."

"सेलो बोट आहे का?"

मी म्हटलं, पक्का राहावा म्हणून. ती म्हणाली, "अहो, सरसानं का जोडतात ठाऊक आहे? सरस दुबळा असतो म्हणून. हवा सुकली, लाकूड आवळलं, की सांध्यानं सुटायचं असतं. सुटला की परत जोडता येतो. तुमचा सांधा सुटेना, मग लाकडानं काय करायचं? लाकूड फाटलं." एवढं बोलली आणि उरलेल्या बिया मला दिल्या. पुन्हा तो विषय माझ्याशी काढला नाही. मी माफी मागितली नाही. ते मला जमत नाही.

सेलो दुरुस्त करायला मला चौदा महिने लागले. बोटीचा गोंद उघडेना, शेवटी कडेचं लाकूड बारीक करवतीनं कापून काढलं आणि नवी पट्टी बसवली. इथं सरस कुठला मिळायला! खाटकाकडून बकऱ्याच्या कातड्याचे तुकडे आणले आणि अंगणात कढवले. दोन्हीकडचे शेजारी शिव्या घालून गेले. रिबका खुर्चीवर बसून सांगायची, मी करायचो. सांधा दाबून धरायला शिकंजा आवळला की म्हणायची, "अर्धा फेरा सैल करा. तुमची सवय घट्ट करायची." दर खेपेला म्हणायची. ऑर्केस्ट्राला पुन्हा पत्र घातलं, जागा भरली होती.

त्या चौदा महिन्यांत हात रिकामे, म्हणून ती शिकवायला लागली. वाद्य नसलेली मास्तरीण.

पहिली आली क्लारा, दवाखान्यातली नर्स, रुमानियाची. माझं बोट करवतीत गेलं ते बांधायला घरी आली होती. रिबका भांड्यावर ताल धरून काहीतरी गुणगुणत होती. क्लाराचा हात पट्टी बांधता बांधता थांबला. तिच्याकडे फिडल होतं, आल्यापासून पेटी उघडली नव्हती. म्हणाली, इथं कुणासाठी वाजवायचं? रिबका म्हणाली, "माझ्यासाठी. मी ऐकीन, पण गप्प बसणार नाही." आणि बसलीही नाही. "सिस्टर, हे इंजेक्शन नाही, टोचू नको."

दुसरा मसूद न्हावी, मोरोक्कोचा. त्याला नोटेशन वाचता यायचं नाही. फिडल मांडीवर उभं धरून वाजवायचा, त्यांच्याकडची रीत तशी. क्लाराला ते बघवेना. म्हणाली, आधी त्याला खांद्यावर धरायला शिकवा, नाहीतर मी येत नाही. रिबकानं विचारलं, "मी कुठं धरते?" क्लारा म्हणाली, गुडघ्यांत. "मग याला खांद्यावर घ्यायला लावशील त्या दिवशी मीही खांद्यावर घेईन." मसूदनं शेवटपर्यंत मांडीवरच धरलं. रिबका त्याला एकेक ओळ गाऊन दाखवायची, तो एकदा ऐकून वाजवायचा, फक्त जोर फार. "मासे विकतोस का रे?" हे मराठीतच. त्याला अर्थ कळायचा.

भाषेचा घोळ होताच. क्लाराला जर्मन, मसूदला अरबी न् फ्रेंच, आमचं मुंबईचं इंग्रजी, आणि हिब्रू सगळ्यांचीच लंगडी. रिबका मोजायची मराठीत. एक, दोन, तीन, चार. मग तेही तसंच मोजायला लागले. मसूद दुकानात कैची चालवताना पुटपुटायचा, एक-दोन-तीन. गिऱ्हाईक विचारायचे, हे काय? तो म्हणायचा, संगीत.

व्हायोलाची जागा मात्र टिकेना. पहिला एक हंगेरीचा कारकून, आठ महिन्यांनी हैफाला गेला. मग एक शाळेतली बाई, तिचं लग्न झालं. मग इराकचा एक गवंडी, तो चांगला तयार झाला आणि भावाकडे किर्यात मलाखीला गेला. येरुहामला कोण राहतंय! दर खेपेला चीज अर्ध्यावर तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. गवंडी गेला तेव्हा मसूद चिडला. आमच्या खोलीत येऊन ओरडला, त्याला जाऊ देऊ नका, कचेरीत सांगून त्याची बदली अडवा, मी बोलतो त्यांच्याशी, कचेरीवाल्यांचे केस मीच कापतो.

रिबका पोळ्या बांधत होती, गवंड्याला बसमध्ये खायला. म्हणाली, "जाऊ दे. सुटलं तर परत जोडता येईल."

"आणि धरून ठेवलं तर?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "यांना विचार."

मी दाराला रंधा मारत होतो. मारत राहिलो. माणसांसमोर ती या विषयावर बोलली ती एवढंच.

शेवटी सॅमसन आला. नवगावचा, कारखान्यात कामाला, गावी लग्नांत फिडल वाजवायचा. पहिल्याच दिवशी ऐट दाखवायला लागला. रिबकानं त्याचं फिडल काढून घेतलं आणि व्हायोला हातात दिला.

"काकू, हे तर म्हशीसारखं आहे."

"मग दूध काढ. इथं नाचायला तिघं आहेत, उभं राहायला कोणी नाही."

तो उभा राहिला. तीन वर्षं झाली, अजून येरुहामलाच आहे.

शिकवायची तिची एक रीत होती, ती दुसरीकडे कुठं असेल असं मला वाटत नाही. दर मंगळवारी ती एकाला गप्प बसवायची. "आज क्लारा नाही." क्लारानं फिडल मांडीवर ठेवून बसायचं, बाकी तिघांनी वाजवायचं, पण क्लाराची जागा मोकळी सोडून. घाई करून ती भरायची नाही, तिच्यासाठी थांबायचं, मनात मोजायचं. मला आधी वेड्याचा बाजार वाटला. पुढे पुढे, मी एका कानाचा माणूस, मलाही ती जागा ऐकू यायला लागली. पुढच्या मंगळवारी "आज मसूद नाही." मग सॅमसन. सॅमसन म्हणायचा, "काकू, तुमची पाळी कधी?" ती म्हणायची, "माझी शेवटी."

आणि एक बोरिस. बेर्शेब्याच्या बसचा ड्रायव्हर, बल्गेरियाचा. बस दोनला यायची, चारला परत जायची. गवंड्याला पोचवायला आम्ही स्टँडवर गेलो तेव्हा त्यानं रिबकाला विचारलं, तुम्हीच का त्या सेलोवाल्या? लहानपणी शिकलोय, आता वाद्य नाही. मग तो आठवड्यातून दोनतीनदा दोन बसच्या मधल्या वेळात आमच्याकडे यायचा आणि तिच्या सेलोवर शिकायचा. ज्यानं तिची माणसं एकेक करून नेली त्यालाच ती शिकवत होती. सगळ्या चीजेतली सेलोची ओळ तिनं त्याच्या बोटांत घातली. का, ते मी विचारलं नाही. तो तासभर वाजवायचा आणि तासभर घड्याळ बघायचा. त्याला ती घाईवाला म्हणायची. "अरे, इथं कुठला स्टॉप चुकणार आहे तुझा?"

लोक विचारायचे, कधी ऐकवणार? सात वर्षं तिचं एकच उत्तर, "अजून नाही." कारखान्याच्या साहेबानं दोनदा विचारलं. अजून नाही. सॅमसन म्हणायचा, काकू, तुमचा एलियाहू हन्नाबी म्हातारा झाला असेल. ती म्हणायची, त्याला सवय आहे वाट बघायला लावायची, आता जरा त्यानं बघावी.

या वसंतात एका मंगळवारी त्यांनी अख्खी चीज वाजवली. मी स्टुलावर होतो. रिबकानं गज खाली ठेवला आणि म्हणाली, "हं. आता."

कारखान्याच्या जेवणघरात शनिवारी रात्री, शब्बाथची सुट्टी संपल्यावर, असं ठरलं. मसूदनं दुकानाच्या आरशावर कागद चिकटवला. मुंबईहून तिच्या भाचीनं पोह्यांचा डबा पाठवला होता, तो तिनं फळीवर पुढे काढून ठेवला. मंगळवारी शेवटची तालीम झाली, बुधवारी तीन वाजता आम्ही सेलो ठोकून बघितला. पुढचं सांगितलंय.

गुरुवारी सकाळी मी खोलीत एकटा होतो. क्लारानं तिला आदल्या संध्याकाळीच दवाखान्यात नेलं होतं. बाया तिथं तिला आंघोळ घालणार होत्या. दफन दुपारी. वारा तीन दिवस चालूच होता. उजेड चांगला झाला तसा मी तिच्या खुर्चीवर बसलो, सेलो मांडीवर आडवा घेतला आणि बोट मुडपून कडेकडेनं ठोकत गेलो. वर बरोबर होतं. दोन्ही कुशी बरोबर होत्या. बुडाशी आलो, उजवा कान खाली नेला.

पोकळ येत होतं. चार बोटं लांब.

खिडकीशी नेऊन बघितलं. जुनी चीर जशीच्या तशी बुजलेली, तक्ता शाबूत, कुठं नवी रेघ नाही. फक्त सरस सुटला होता. सुरी घातली तर अलगद गेली.

सरसाची डबी काढली. ती गरम पाण्यात ठेवावी लागते. स्टोव्हवर तिनं चहाचं भांडं ठेवलेलंच होतं, त्यातच पाणी घातलं.

वासावर सॅमसन आत आला. मागे क्लारा आणि मसूद. क्लारा रात्रभर जागी होती.

"काका, हे काय? आज काम करत नाहीत."

"दफन झालं की सुतकाचे सात दिवस खाली बसतो. तोपर्यंत मला काही लागू नाही. तो दिवा इकडे धर."

त्यानं धरला. मी सुरीनं सरस आत सोडला. क्लारा म्हणाली, जेवणघराला कळवायला पाहिजे, शनिवारचं रद्द. मसूद तिला म्हणाला, थांब. त्यानं मला त्याच्या हिब्रूत सांगितलं, त्यांनी तिघांनी बाहेर ठरवलंय. रिव्काची, तो रिबकाला रिव्का म्हणायचा, पाळी राहिली होती. शनिवारी तिची खुर्ची मधे ठेवू, सेलो तिला टेकवून ठेवू, आम्ही तिघं तिची जागा सोडून वाजवू. लोकांना ती जागा ऐकू येईल. बोलताना तो रडत होता.

मी म्हटलं, "नाही."

"काका, छान होईल ते," सॅमसन म्हणाला.

"ते तालमीचं झालं. तिचा नवस चौघांचा होता. तिघांचा आणि खुर्चीचा नव्हता. बोरिसला सांगा."

"बोरिस? तो तिसऱ्या पानावर पळत सुटतो!"

"त्याला सगळं येतं. तिनंच शिकवलंय. पळाला तर मोजा."

"एक, दोन, तीन," मसूद म्हणाला, उगीचच, आणि नाक पुसलं.

क्लारानं विचारलं, वाजवणार कशावर? मी सेलोकडे बोट केलं. "उद्यापर्यंत सुकतो. शुक्रवारी दुपारी बोरिसनं येऊन घेऊन जावा. रोज ठोकून बघायचा, त्याला शिकवून ठेव. मी शनिवारी येणार नाही, मला येता यायचं नाही." फळीवरचा पोह्यांचा डबा काढून सॅमसनला दिला. "वाजवून झालं की तुझ्या बायकोला मलिदा करायला सांग. आधी नाही."

तो डबा छातीशी धरून उभा राहिला. सरस आटायच्या आत मी कड दाबली, बाहेर आलेला फडक्यानं पुसला आणि शिकंजा लावून आवळला.

मग अर्धा फेरा सैल केला. हात धुतले, टोपी घातली आणि तिघांबरोबर दवाखान्याकडे निघालो.